वर्षावास: भिंतीवरचा हिशोब

नाशिकजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. इथल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ही भिक्खूंची राहण्याची जागा, आणि तिचं नातं आहे पावसाशी.

बुद्धाचे भिक्खू पायी फिरायचे. पावसाळ्यातही थांबेनात, तेव्हा लोक कुरकुरू लागले. हे हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव यांच्या पायाखाली मरतात. पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं करून राहतात, मग यांना काय झालं? भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात ही तक्रार नोंदलेली आहे. बुद्धांनी ती मनावर घेतली. आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच ठिकाणी राहायचं, असा नियम झाला. तोच वर्षावास.

आता दहाव्या लेण्यात येऊ. ओसरीच्या भिंतीवरची ही ब्राह्मी अक्षरं पाहा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं संघाला दान दिलं. पण नुसतं लेणं देऊन तो थांबला नाही. भिक्खूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, लागणार, म्हणून त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख सांगतो: या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब चोख जुळतो! मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही कोरून ठेवलंय. या डोंगरावरच्या कुठल्याही शिल्पापेक्षा मला या ओळी जास्त सुंदर वाटतात.

वर्षावास संपतो तेव्हा पवारणा होते. भिक्खू हात जोडून संघाला विनवतो: माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, तशी शंका आली असेल, तर सांगा. असं तीनदा. थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूही याला अपवाद नाहीत; सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात वर्षावास वस्त्यावस्त्यांत पोचला. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लागतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, कामावरून परतलेली माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसतात. त्रिसरण, पंचशील होतं. मग बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडला जातो. एक ताई वाचतात, बाकीचे ऐकतात. पत्र्यावर सर जोरात आली की ताई आवाज चढवतात आणि पान उलटतात.