न विकलेली जागा

नमस्कार श्रोतेहो.

येत्या रविवारी आमच्या लेआउटमध्ये एका माणसाचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि घराघरांतून येणाऱ्या पुरणपोळ्या. हा माणूस जमिनीच्या धंद्यातला. शेतजमिनी घेऊन लेआउट पाडणारा, प्लॉट विकणारा, पुढे इमारतीही बांधणारा. वय ७८. नागपुरात बिल्डर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. माझ्या माहेरीही ती आठी होती, आणि तिला कारणही होतं.

त्यांचं नाव मी घेणार नाही. आज बोलायच्या आधी त्यांना विचारायला गेले, तर म्हणाले, "बाई, नाव नका घेऊ. कामाचं काय असंल ते सांगा." लेआउटमधले लहानथोर त्यांना भाऊ म्हणतात. मीही तेच म्हणते.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही मिल. तिच्या भोंग्यावर आमच्या घरची चूल पेटायची. नागपूरच्या महाल भागात भाड्याची एक खोली आणि आम्ही सहा जणं. आपली जागा हवी, एवढं एकच वेड वडिलांना होतं. १९८१ साली त्यांनी एका माणसाकडे प्लॉटचा बयाणा भरला. दोन वर्षं किस्ती भरल्या. मग कळलं की त्याच प्लॉटचं बयाणापत्र आणखी दोघांकडे आहे. एका सकाळी त्या माणसाच्या ऑफिसला कुलूप दिसलं, ते पुन्हा उघडलं नाही. वडील कुणावर ओरडले नाहीत. ते बयाणापत्र त्यांनी घडी करून ट्रंकेत आईच्या शालूखाली ठेवलं. ते गेल्यावर मला ते तिथेच सापडलं. घड्यांवर कागद विरला होता, पण स्टँपपेपरवरचा शिक्का स्पष्ट होता.

तर असा दुधाने पोळलेला माणूस १९८४ च्या मे महिन्यात भाऊंच्या ऑफिसात गेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सोबत होते. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेला नकाशा. वडिलांनी बसायच्या आधीच सातबारा मागितला. भाऊंनी सातबारा दिला, फेरफार दिला, अकृषक परवानगीचा आदेश दिला, मंजूर नकाशा उलगडला. आणि म्हणाले, "आता नका घेऊ. जुलैत या, चांगला पाऊस झाल्यावर. पाणी कुठून येते, कुठं जाते, ते आपल्या डोळ्यांनं पाहा. मंग बोलू."

पैसे घेऊन दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार वडिलांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. घरी येईस्तोवर सायकलवर एक शब्द बोलले नाहीत.

जुलैत आम्ही पुन्हा गेलो. मानेवाड्याच्या पुढे तेव्हा सगळी शेतं. काळ्या मातीत दहा पावलं टाकली की चपलेला शेर-शेर माती. भाऊ छत्री घेऊन बांधावर उभे होते, हातात लोखंडी सब्बल. सब्बल जमिनीत ठोकून दाखवत होते, मुरूम कुठे किती खोल आहे ते. नागपूरच्या काळ्या मातीचा स्वभाव ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊक आहे. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपा तडा जातो, खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून थेट खाली. भाऊ प्रत्येक घेणाऱ्याला सांगायचे, पैसे कमी पडले तर वरची खोली पुढल्या वर्षी बांधा, पण पाया मुरूम लागेपर्यंत खोदा. आमच्या घराचे खड्डे खोदले तेव्हा ते स्वतः आले, वाकून तळाची माती मुठीत घेतली, चुरून पाहिली, आणि मिस्त्रीला म्हणाले, "अजून एक फूट." मिस्त्री चिडला. वडील मात्र हसले. बयाणा बुडाल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

हा माणूस जमीन अशी हातात घेऊन ओळखायला कुठे शिकला? शाळा नववीपर्यंत. मग मोजणीदारांच्या हाताखाली रोजीने साखळी ओढायचं काम. ६६ फुटांची लोखंडी साखळी, तिच्या १०० कड्या. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. उन्हातान्हात ही साखळी त्यांनी सात-आठ वर्षं ओढली. कोणत्या मौजात कोणता खसरा कुठे संपतो, धुऱ्यावरून कुणाची भावकी कोर्टात आहे, कुठली विहीर मार्चमध्ये आटते, हे त्यांना तोंडपाठ. पहिली तीन एकर जमीन घेतली ती दोन भागीदार घेऊन आणि बायकोच्या पाटल्या मोडून. त्या पाटल्या पुढे त्यांनी नवीन करून दिल्या. वहिनी अजून सांगतात, जुन्या जास्त चांगल्या होत्या म्हणून.

इथे नव्या पिढीच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. शेत विकत घ्यायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि मंजुरीवाचून बयाणापत्रावर प्लॉट विकायचे, अशी या शहरात एक लाटच होती. त्यातून जी अनधिकृत वस्ती झाली ती नागपूरकर आकड्यांनीच ओळखतात: '१९०० लेआउट' आणि '५७२ लेआउट', अनधिकृत लेआउटांच्या दोन याद्या. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, मग नियमित करण्यासाठी अर्ज, डिमांड नोट, आणि तो आरएल म्हणजे नियमितीकरणाचा कागद. माझ्या शाळेतल्या एका शिपायाची उमर त्या एका कागदासाठी चकरा मारण्यात गेली. घर होतं, पण बँक कर्ज देईना. रस्ता होता, पण गटार नव्हतं. त्या लाटेच्या काळातच भाऊंनी आधी परवानगी आणि मगच विक्री हा नेम धरला. परवानगीला दोन-दोन वर्षं लागायची, तेवढा काळ पैसा अडकून पडायचा. शेजारचे लेआउटवाले तोवर सगळे प्लॉट विकून मोकळे व्हायचे. पण भाऊंकडून घेतलेल्या प्लॉटची रजिस्ट्री शेवटच्या किस्तीनंतर महिन्याच्या आत व्हायची, हे मी आमच्या स्वतःच्या प्लॉटवरून सांगते. तीस बाय पन्नासचा प्लॉट, महिना २०० रुपये, ६० किस्ती. रजिस्ट्रीच्या दिवशी वडिलांनी मिलमध्ये रजा टाकली आणि धुतलेलं धोतर नेसून गेले.

आता मूळ गोष्ट. आमच्या लेआउटच्या कडेने एक नाला जातो, पुढे पोरा नदीकडे. उन्हाळ्यात त्यात पाण्याची धारसुद्धा नसते. त्या कडेला १४ प्लॉट पडत होते. भागीदारांचा आग्रह होता की पाडावेत, शेजारच्यांनी तर नाल्याच्या काठाला लागून पाडले होते. भाऊ म्हणाले, ती जागा नाल्याची आहे. यावर भागीदारी तुटली, आणि तुटलेल्या भागीदाराचा हिस्सा चुकता करायला भाऊंना स्वतःचं राहतं घर गहाण ठेवावं लागलं. त्या पट्ट्यावर त्यांनी कडुलिंब आणि करंज लावले. आम्हा लोकांनाही तेव्हा वाटायचं, एवढी मोक्याची जागा उगाच पडून आहे. मीही तसं बोलून दाखवलं होतं, हे कबूल करते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरणार नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं छतांवर चढली, नावा घालून लोकांना बाहेर काढावं लागलं. आमचा नाला त्या भागातला नाही, पण त्या रात्री तोही फुगला. पहाटे चारला बॅटरी घेऊन आम्ही गॅलरीत उभे होतो. पाणी कडुलिंबांच्या बुंध्यांना वेढून वर चढत होतं. पट्टा पुरता बुडाला. मुलांचा बाक वाहून गेला. पाणी पहिल्या घराच्या फाटकापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. सकाळी पाहिलं तर न विकलेल्या त्या १४ प्लॉटांवर गुडघाभर गाळ, आणि आमच्या घरातली रांगोळीसुद्धा जागच्या जागी. ज्या बाईने पट्टा पडून असल्याची सर्वांत जास्त तक्रार केली होती, ती त्या दिवशी भाऊंच्या घरी चहाचा थर्मास घेऊन गेली. ती बाई म्हणजे मीच.

शाळेचंही सांगायचं आहे. १९९४ साली भाऊंनी पहिली मोठी इमारत बांधायला घेतली. मजूर छत्तीसगडकडचे आणि बालाघाटचे. रेजा, म्हणजे मजूर बाया, डोक्यावर घमेलं घेऊन वर चढायच्या, आणि त्यांची पोरं रेतीच्या ढिगावर झोपायची. मी मनपाच्या शाळेत शिकवत होते. जाता-येता ते पाहवेना. एक दिवस धीर करून भाऊंना म्हटलं, दुपारी दोन तास मी येते, मला एक खोली द्या. साइटवर पक्की खोली एकच होती, सिमेंटचं गोदाम. पावसाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी गेले तर गोदाम रिकामं, झाडलेलं, दाराशी पाण्याचं मडकं. सिमेंटच्या गोण्या कुठे गेल्या म्हणून पाहिलं तर भाऊंच्या ऑफिसात, छतापर्यंत. त्यांना बसायला जागा उरली नव्हती, ते बाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून बसले होते. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक साइटवर आधी पोरांची खोली उभी राहायची, मग कॉलमचे खड्डे. त्या खोलीत पाटीवर पहिलं अक्षर गिरवलेली एक मुलगी आज नर्स आहे. रविवारी ती येणार आहे, गोंदियाहून.

मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाड्याकडून पेशंट येतात. त्यांच्यासोबतचे नातेवाईक फुटपाथवर निजायचे. भाऊंनी तिथून जवळ बारा खोल्यांची धर्मशाळा बांधली. तिच्यावर कुणाच्या नावाची पाटी नाही. स्वयंपाकाला ओटा आहे आणि कपडे वाळवायला दोऱ्या आहेत. त्या दोऱ्या त्यांना सुचल्या, याचं मला अजून कौतुक वाटतं.

कमावलेलं समाजाला द्यायची रीत या मातीत जुनी आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली तंत्रशिक्षणाची संस्था आज स्वतंत्र विद्यापीठ आहे. नागपूरच्या गोपाळराव बुटींनी शिर्डीत बांधलेला वाडा साईबाबांचं समाधी मंदिर झाला. भाऊंची तुलना त्यांच्याशी केली तर भाऊ रागावतील. पण रीत तीच आहे, असं मला वाटतं.

२०१७ च्या मे महिन्यापासून रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा, लागू झाला. गिऱ्हाइकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, आणि किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर आधी करारनामा नोंदवायचा. पुष्कळांची तारांबळ उडाली. भाऊंच्या मुलाने वडिलांच्या जुन्या चोपड्या काढल्या, तर प्रत्येक स्कीमचा हिशेब वेगळ्या लाल कापडात बांधलेला. ह्या गिऱ्हाइकाचा पैसा त्या कामाला लावायचा नाही, असं कायद्याच्या तीस वर्षं आधी त्यांनी ठरवलं होतं.

कालच सत्काराची वेळ सांगायला त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही पाच वाजता ठरवलं होतं, मधल्या मैदानात. भाऊंनी पत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचली. म्हणाले, "पाचला कसं जमंल? त्या वेळी पोरं खेळतात तिथं. त्यांचं होऊ द्या." म्हणून पत्रिकेवर पेनाने खाडाखोड केली आहे. कार्यक्रम रविवारी साडेसहाला आहे. मैदान मुलांनी रिकामं केलं की सुरू होईल.

नमस्कार.