टे कुइटीचा पाइनट्री

नमस्कार श्रोतेहो.

1970 साल. दक्षिण आफ्रिकेतलं स्प्रिंग्ज नावाचं खाणींचं गाव. ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ, तिथल्या ईस्टर्न ट्रान्सवाल संघाशी रग्बी खेळतायत. जमिनीवर पडलेल्या चेंडूवर दोन्हीकडचे गडी तुटून पडतात, त्या झोंबाझोंबीला रग्बीत ‘रक’ म्हणतात. अशाच एका रकमध्ये न्यूझीलंडच्या एका खेळाडूच्या हातावर सणसणीत लाथ बसते. गडी खेळत राहतो, थेट शेवटच्या शिट्टीपर्यंत. नंतर कळतं, हाताचं हाड मोडलंय. तर हा म्हणतो, चला, निदान सामना तरी जिंकलो! मूळ वाक्यात एक शिवी आहे. ती रेडिओवर चालणार नाही, तुमची तुम्ही घालून घ्या.

हा कॉलिन मीड्स. वय तेव्हा चौतीस. त्या दौऱ्यातल्या पहिल्या दोन कसोट्या, म्हणजे देशाविरुद्ध देश असे सामने, त्याला बाहेर बसावं लागलं. तिसरीला तो मोडक्या हातावर संरक्षक पट्टा चढवून मैदानात हजर!

आपल्याकडे रग्बी म्हटलं की मुंबईकरांना फार तर बॉम्बे जिमखान्याचं पावसाळी मैदान आठवतं, चिखलाने ओळखू न येणारे तीस खेळाडू आठवतात. या तिसांमध्ये प्रत्येक बाजूला आठ जण ‘फॉरवर्ड’ असतात. हे संघातले हमाल. मागचे सात जण पळतात, चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून ‘ट्राय’ करतात, पेपरात फोटो त्यांचे येतात. पण चेंडू मिळवून द्यायचा तो या आठांनी. मीड्स त्यातला ‘लॉक’, दुसऱ्या रांगेतला. दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड वाकून, एकमेकांना भिडून रेटतात, तो स्क्रम. त्यात लॉकने काय करायचं? पुढच्या दोघांच्या मांड्यांच्या फटीत डोकं खुपसायचं आणि जीव खाऊन रेटायचं. दिसत काही नाही, कान सोलवटतात. पुढे चेंडू बाहेरून आत फेकला जातो त्या लाइनआउटमध्ये उंच उडी मारून तो पकडायचा. आजकाल उडी मारणाऱ्याला दोघे जण अलगद वर उचलतात. मीड्सच्या काळात तसं उचलणं नियमात बसत नव्हतं. स्वतःच्या पायांवर जेवढं वर जाल तेवढं तुमचं. शेजारी उभा असलेला प्रतिस्पर्धी कोपराने ‘विचारपूस’ करायचा, ती वेगळीच.

हे सगळं करून वर मीड्स चेंडू घेऊन धावायचासुद्धा. तोही एका हातात धरून! एखाद्याने नारळ धरावा तसा तो चेंडू त्याच्या पंजात दिसायचा.

हे हात शेतावर घडलेले होते. मीड्सचा जन्म 3 जून 1936 चा. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर किंग कंट्री नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या टे कुइटी गावाजवळ मीड्स कुटुंबाची मेंढ्यांची शेती. कुंपणाचे खांब रोवायचे, मेंढ्या उचलायच्या, टेकड्या चढायच्या-उतरायच्या, हीच व्यायामशाळा. दोन्ही काखांत एकेक मेंढी घेऊन तो टेकडी पळत चढायचा, अशी दंतकथा अख्ख्या न्यूझीलंडने हौसेने सांगितली. धाकटा भाऊ स्टॅन हाही ऑल ब्लॅक झाला. दोघे भाऊ अकरा कसोट्या एकत्र खेळले.

आणि पैसे? पैसे नव्हतेच. रग्बी युनियन 1995 पर्यंत हौशी खेळ होता. दौऱ्यावर जायचं म्हणजे शेत महिनोन्‌महिने घरच्यांच्या भरवशावर टाकायचं आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी मेंढ्यांमागे जायचं. 1957 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी, 1971 मध्ये शेवटची. एकूण 55 कसोट्या. न्यूझीलंडकडून सगळे मिळून 133 सामने, आणि प्रथम श्रेणीचे 361. तेव्हा वर्षाला चार-पाच कसोट्या झाल्या तरी खूप, हे लक्षात घेऊन हे आकडे ऐका.

1958 च्या जपान दौऱ्यावर एका सहकाऱ्याने त्याचं नाव ठेवलं ‘पाइनट्री’. पाइन म्हणजे आपल्याकडे ज्याला चीड म्हणतात ते झाड. आता मराठीत चीड या शब्दाचा दुसराही अर्थ आहे, आणि गंमत बघा, तोही त्याला लागू पडायचा.

2 डिसेंबर 1967. एडिनबरोचं मरेफील्ड मैदान, समोर स्कॉटलंड. न्यूझीलंडमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री कानात प्राण आणून ऐकलेल्या आपल्या पिढीला रेडिओभोवती जमलेलं तिथलं घर वेगळं सांगायला नको. आयरिश रेफ्री केव्हिन केलेहर यांनी मीड्सला एकदा ताकीद दिली होती. सामना संपत आला असताना त्याने पाय उगारला. स्कॉटलंडचा डेव्हिड चिझम चेंडूवर झेपावत होता. मीड्सचं म्हणणं, मी चेंडूला मारत होतो. केलेहर यांनी बाहेरचा रस्ता दाखवला. कसोटीत मैदानाबाहेर काढलेला हा दुसराच ऑल ब्लॅक, पहिल्याला बेचाळीस वर्षं होऊन गेली होती. न्यूझीलंड 14-3 ने जिंकलं, पण घरोघरी बोलणं झालं ते या एका पावलाचं.

त्या लाथेबद्दल त्याला संशयाचा फायदा देता येईल. पण 1968 च्या सिडनी कसोटीचं काय? ऑस्ट्रेलियाचा केन कॅचपोल हा त्या काळचा जगातला एक अव्वल स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रममधून आलेला चेंडू उचलून मागच्यांना देणारा गडी. तो रकमध्ये अडकलेला असताना मीड्सने त्याचा मोकळा पाय धरून ओढला. जांघेचे स्नायू फाटले. कॅचपोल पुन्हा कसोटी खेळला नाही. मीड्सच्या चाहत्यांनी यावर पुष्कळ सारवासारव केली आहे. मला ती पटत नाही. मोडलेल्या हाताचं कौतुक करायचं, तर त्याच हाताने मोडलेलंही सांगायला हवं.

दक्षिण आफ्रिकेबाबतही त्याचं असंच. तिथे तेव्हा गोऱ्यांची वर्णद्वेषी राजवट होती. 1960 च्या दौऱ्यावर माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी, खेळाडूंना वगळून न्यूझीलंडचा संघ गेला. देशभर निदर्शनं झाली, तरी गेला. मीड्स त्या संघात होता. 1970 मध्ये माओरी आणि सामोअन वंशाचे खेळाडू गेले, पण ‘मानद गोरे’ असा शिक्का लावून. 1974 मध्ये आपण डेव्हिस करंडकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी खेळायची नाही म्हणून सोडून दिली. हातातोंडाशी आलेला करंडक होता तो. आणि 1986 मध्ये, अधिकृत दौरा न्यायालयात अडकल्यावर, ‘कॅव्हेलियर्स’ नावाने एक बंडखोर संघ तिथे गेला. प्रशिक्षक कॉलिन मीड्स! खेळ वेगळा, राजकारण वेगळं, असं मानणाऱ्यांतला तो. या माणसाला समोरच्या खेळाडूचं वजन अचूक कळायचं, समोरच्या व्यवस्थेचं कळलं नाही. निवड समितीतली जागा त्याने त्यापायी गमावली.

तरी न्यूझीलंडने त्याला टाकलं नाही. खेळाडू म्हणून 1971 मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित संघाविरुद्ध, म्हणजे ब्रिटिश लायन्सविरुद्ध, कर्णधार होता. मालिका हरला. त्याच डिसेंबरात त्याची लँड रोव्हर उलटली आणि पाठीचं हाड मोडलं. संपलं म्हणावं, तर पुढच्या मोसमात हा पुन्हा किंग कंट्रीच्या जर्सीत! बंडखोर दौऱ्यानंतरही, 1995 च्या विश्वचषकात तो संघाचा व्यवस्थापक होता, आणि 1999 मध्ये त्याला न्यूझीलंडचा शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं.

जून 2017. टे कुइटीच्या मुख्य रस्त्यावर त्याच्या ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण होतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मीड्स खंगला होता, तरी स्वतः आला. पुढे दोनच महिन्यांनी, 20 ऑगस्टला, तो गेला. अनावरणाच्या दिवशी मात्र एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा खाली उभा होता, आणि वर तरणाबांड मीड्स, हातात चेंडू घेऊन धावत निघालेला.

नमस्कार.