लॉबीतले फादर

श्रोतेहो, नमस्कार.

बंब घणघणत गेला की आपण वाट देतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. पण धुरातून बाहेर काढलेलं मूल वाचलं नाही, तर त्या रात्री तो जवान कुणापाशी बोलतो? घरच्यांशी बोलवत नाही. सोबत्यांपुढे रडायची लाज वाटते.

न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात यासाठी धर्मगुरू असतात. त्यांना चॅप्लेन म्हणतात. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, सगळे. फादर मायकल जज १९९२ साली तिथे चॅप्लेन झाले. फ्रान्सिस्कन संन्यासी. त्यांचा मठ ३१व्या रस्त्यावर, आणि समोरच अग्निशामक केंद्र! आगीच्या ठिकाणी जायचं, जखमी जवानाच्या उशाशी बसायचं, कुणाच्या लेकराला बाप्तिस्मा द्यायचा, कुणाला मूठमाती. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले, १९७८ पासून थेंब नाही. त्यामुळे पिणाऱ्या जवानाला त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागत नसे. मला वाटतं, हे प्रवचनात साधत नाही.

१० सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातल्या एका अग्निशामक केंद्रात त्यांनी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, अर्पण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जागतिक व्यापार केंद्राच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी एकावर विमान आदळल्याचं कळताच ते तिकडे धावले. जवान उत्तर मनोऱ्याचे जिने चढत होते. फादर खाली लॉबीत. तिथे सुरू असलेल्या एका कॅमेऱ्यात ते दिसतात: डोक्यावर पांढरं हेल्मेट, ओठ हलताहेत. पाण्याचा पाइप धरणं हे त्यांचं काम नव्हतं. पोरं वर गेली होती, म्हणून ते तिथे होते, एवढंच.

९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. त्याचा मलबा या लॉबीत घुसला आणि फादर गेले.

पुढे गोष्ट पसरली, की मरणाऱ्या जवानासाठी अंतकाळची प्रार्थना करताना त्यांनी हेल्मेट काढलं आणि तेवढ्यात घाला पडला. तसं झालं नव्हतं. आणि खरं सांगू, त्या गोष्टीची गरजही नाही.

पाच जणांनी त्यांना खुर्चीत घालून बाहेर आणलं. तो फोटो जगभर छापला गेला. दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले, त्यांत फादरही. मृतांच्या सरकारी नोंदीत त्यांचा क्रमांक पहिला लागला: ०००१. पण त्याआधी जवानांनी त्यांना जवळच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये नेलं होतं, आणि वेदीसमोर ठेवलं होतं.