'माझं पोर्ट कुठंय?' : ऑस्ट्रेलियातल्या बोलीबद्दल नर्सिंगच्या मुलामुलींशी गप्पा

नमस्कार. मागं उभे आहात ते पुढं या, इथं खुर्च्या मोकळ्या आहेत.

मला सांगितलंय की ऑस्ट्रेलियात नर्सिंगला जायचं तर इंग्रजीची तयारी कशी करायची त्यावर बोला. परीक्षेची तयारी तुमचे सर घेतायत, माझ्यापेक्षा चांगली घेतायत, त्यामुळं ते सोडून देते. मी बोलणार आहे ते परीक्षा पास झाल्यावर वॉर्डात कानावर पडतं त्या इंग्रजीबद्दल. सुरुवात एका आजोबांपासून करते.

ब्रिस्बेनला होते तेव्हाची गोष्ट. आजोबा ऐंशीच्या पुढचे, ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले, त्या दिवशी डिस्चार्ज होता आणि सकाळपासून ते मला एकच विचारत होते, "माय पोर्ट, लव्ह, माझं पोर्ट कुठंय?" आता आपल्या कामात पोर्ट म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, छातीच्या कातडीखाली बसवतात ते, ज्यातनं केमो देतात. मी फाइल बघितली, यांना केमो नाही, पोर्ट बसवलेलं नाही, काही नाही. म्हातारी माणसं ऑपरेशननंतर कधीकधी गोंधळतात हे आपण शिकलेलो असतो, आणि मी खरंच तसं नोट्समध्ये लिहून डॉक्टरांना बोलवायच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्याबरोबरची तिथलीच एक नर्स खाली वाकली आणि तिनं पलंगाखालनं त्यांची तपकिरी सूटकेस बाहेर ओढली. ते म्हणाले, हं, हेच माझं पोर्ट.

पोर्टमँटो म्हणजे जुनी चामडी बॅग, त्याचं तोडून झालं पोर्ट. क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात हा शब्द आहे. शाळेच्या दप्तरालासुद्धा पोर्टच म्हणायचे आणि वर्गाबाहेर दप्तरं ठेवायला जे रॅक असतात ते पोर्ट रॅक. त्याआधी मी सहा वर्षं अ‍ॅडलेडला काढली होती, रोज शंभर माणसांशी बोलत होते, पण तिथं हा शब्द एकदाही कानावर आला नव्हता. त्या आजोबांचं डोकं एकदम ठणठणीत होतं, ते त्यांच्या गावचं इंग्रजी बोलत होते, आणि मी मात्र त्यांच्या फाइलवर गोंधळलेले असा शिक्का मारायला दोन मिनिटं बाकी होती. तेव्हापासून मी या विषयाच्या मागं लागले, मिळेल ते वाचलं, दिसेल त्याला विचारलं, आणि आज तेच तुम्हाला सांगायला आलेय.

आपण सगळे धरून चालतो की ऑस्ट्रेलियात इंग्रजी एकच. इथं एक शब्द सगळीकडे चालतो ही समजूत फार जुनी आहे, इंग्रजांनी तिथल्या मूळ भाषांबद्दलही तेच धरलं होतं. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं, दुरुस्तीसाठी नदीच्या मुखाशी थांबलं, आज तिथं कुकटाउन आहे. तिथल्या गुगु यिमिधिर लोकांकडनं या मंडळींनी एक शब्द उचलला, गंगुरू, तोच कांगारू. ('मला माहीत नाही' असा त्याचा अर्थ असल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खोटी आहे, जॉन हॅविलंड नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात तिथं जाऊन काम केलं आणि गंगुरू हे खरोखर एका जातीच्या कांगारूचं नाव निघालं.) मग १७८८ साली इंग्रज कैद्यांची जहाजं घेऊन सिडनीला आले आणि तिथल्या लोकांशी हाच शब्द बोलायला लागले. पण सिडनी तिथनं सुमारे दोन हजार किलोमीटर लांब, भाषा पूर्ण वेगळी, त्यांना हा शब्द इंग्रजांचाच वाटला! वॅटकिन टेंच नावाचा अधिकारी तेव्हा तिथं होता, त्यानं लिहून ठेवलंय की जहाजातनं गायी उतरल्या तेव्हा कोलबी नावाच्या स्थानिक माणसाला त्यानं त्या दाखवल्या, तर कोलबीनं विचारलं, हे कांगारू का? अडीचशेच्या वर भाषा असलेला मुलुख आणि हे एका किनाऱ्यावरचा शब्द सगळ्यांना चालेल असं धरून निघाले होते. मला हे वाचताना सारखे ते आजोबा आठवत होते.

ह्याच टेंचनं आणखी एक लिहिलंय. कैद्यांमध्ये लंडनच्या चोरांची एक गुप्त बोली होती, फ्लॅश म्हणायचे तिला. सुरुवातीच्या कोर्टात साक्षीदार आणि आरोपी काय बोलतायत ते कळायला दुभाष्या लागायचा, इंग्रजीतनं इंग्रजीत! पुढं जेम्स हार्डी व्हॉक्स नावाच्या एका कैद्यानं १८१२ साली न्यूकॅसलच्या कैदी वसाहतीत त्या बोलीचा शब्दकोश तयार केला, तो १८१९ ला छापला गेला. ऑस्ट्रेलियात तयार झालेला पहिला शब्दकोश म्हणतात तो हा. त्यात स्वॅग शब्द आहे, तेव्हा अर्थ होता चोरीचा माल किंवा बोचकं. नंतर रानोमाळ काम शोधत फिरणाऱ्या माणसाच्या पाठीवरची वळकटी म्हणजे स्वॅग झाला, आणि आज कॅम्पिंगला जाताना गुंडाळून नेतात ते कॅनव्हासचं अंथरूणही स्वॅगच.

बरं, मग हे प्रांताप्रांताचे फरक आले कुठनं? १ जानेवारी १९०१ पर्यंत ऑस्ट्रेलिया असा एक देशच नव्हता, सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या, त्यांचीच पुढं राज्यं झाली, आणि प्रत्येकीचं सगळं वेगळं. तुम्ही मिरजेची पोरं आहात म्हणून हे तुम्हाला पटकन कळेल, आपल्या स्टेशनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होते ना, गाडी बदलताना सामान घेऊन धावायचं. तसंच तिथं न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनीकडचा रूळ एका मापाचा, व्हिक्टोरियाचा, म्हणजे मेलबर्नकडचा त्याहून रुंद, क्वीन्सलंडचा सगळ्यात अरुंद. सिडनीहून मेलबर्नला जाताना सीमेवरच्या ऑल्बरीला उतरून गाडी बदलावी लागायची, १९६२ पर्यंत. रूळ नंतर जुळवले पण शब्द कोण जुळवणार.

आणि शब्द कुठले वेगळे राहिले ते बघा, मला ह्यातलं हेच सगळ्यात आवडतं. मोठे शब्द, सरकारी, पेपरातले, ते सगळीकडे सारखे. वेगळे राहिले ते शाळेतले, खाटकाच्या दुकानातले, पबमधले, पोहायला जातानाचे. कारण शाळा राज्याच्या हातात, दारूचे कायदे राज्याचे, खाटीक तर गल्लीतला. पोहायच्या कपड्यांना क्वीन्सलंडमध्ये टॉग्ज, मेलबर्न-अ‍ॅडलेड-पर्थला बेदर्स, सिडनीला कॉझी नाहीतर स्विमर्स. आपली बटाटाभजी असते ना, अगदी तशीच, बटाट्याची चकती पिठात बुडवून तळलेली, ती तिथं फिश अँड चिप्सच्या दुकानात मिळते आणि तिला मेलबर्नला पोटॅटो केक म्हणतात, सिडनी-ब्रिस्बेनला पोटॅटो स्कॅलप, अ‍ॅडलेडला पोटॅटो फ्रिटर. यावर लोक तावातावानं भांडतात, खरंच.

सँडविचमध्ये घालतात ते गुलाबी स्वस्त मांस, सिडनीला डेव्हन, पर्थला पोलोनी, टास्मानियात बेल्जियम, मेलबर्नला स्ट्रास, आणि अ‍ॅडलेडला फ्रिट्झ. फ्रिट्झ हे जर्मन नाव, आणि साउथ ऑस्ट्रेलियात, म्हणजे अ‍ॅडलेडच्या राज्यात, जर्मन लोक खूप आले होते. पहिल्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध एवढी चीड होती की १९१७ च्या कायद्यानं तिथल्या ६९ गावांची जर्मन नावं बदलून टाकली, पण खाटकाच्या काउंटरवरचा फ्रिट्झ तसाच राहिला. अजूनही अ‍ॅडलेडला आईबरोबर दुकानात आलेल्या लहान मुलाच्या हातात खाटीक फ्रिट्झची एक चकती ठेवतो. तिथल्या म्हाताऱ्या पेशंटला भूक लागत नसेल तर मी विचारायची, फ्रिट्झ आणि सॉस घालून सँडविच करू का, आणि बरेचदा हो यायचं.

आता हे वहीत लिहून घ्या, कामाचं आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी तुम्ही विचारणार, रोज किती पिता? पेशंट म्हणणार, तीन स्कूनर. सिडनीत आणि ब्रिस्बेनमध्ये स्कूनर म्हणजे ४२५ मिलीचा बिअरचा ग्लास, अ‍ॅडलेडला जुन्या माणसाच्या तोंडी स्कूनर म्हणजे २८५ मिली. अ‍ॅडलेडला ४२५ च्या ग्लासाला पिंट म्हणतात, आणि बाकी ठिकाणी पिंट ५७० चा. २८५ चा ग्लास मेलबर्न-ब्रिस्बेनला पॉट, सिडनी-पर्थला मिडी. म्हणजे तीन स्कूनर म्हणजे एका गावात ८५५ मिली आणि दुसऱ्या गावात १२७५. त्यावरनं आपण दारू अचानक बंद झाल्यावर त्रास होईल का ह्याचा अंदाज बांधणार, त्यामुळं आकडा ऐकून थांबायचं नाही, ग्लास केवढा ते हातानं दाखवायला सांगायचं. आमच्याकडे ग्लासांच्या चित्रांचा तक्ता असायचा, नसेल तर तुम्ही करून घ्या.

उच्चारात फरक कमी आहेत, पण आहेत. मेलबर्नच्या बऱ्याच लोकांच्या तोंडी 'एल'चा 'अ‍ॅल' होतो, सेलरी ही भाजी आणि सॅलरी म्हणजे पगार सारखंच ऐकू येतं, एलन बाई आणि अ‍ॅलन बुवा सारखेच. तुम्ही एरवीसुद्धा जन्मतारीख विचारूनच औषध देता, तिथं तर नक्की विचारा.

आता दुखण्याचे शब्द. 'क्रूक' म्हणजे आपण लफंगा शिकलो, तिथं आय फील क्रूक म्हणजे मला बरं वाटत नाही, क्रूक बॅक म्हणजे पाठीचं दुखणं. 'बंग नी' म्हणजे खराब झालेला गुडघा. आणि 'ऑर्डिनरी' हा शब्द फार जपून ऐका. फीलिंग अ बिट ऑर्डिनरी असं कुणी म्हणालं तर आपल्याला वाटतं नेहमीसारखंच आहे, चांगलंच आहे. अजिबात नाही, त्याचा अर्थ माझी तब्येत बरी नाही. हे लोक दुखणं कमी करून सांगतात, खास करून खेड्यातले शेतकरी. 'नॉट टू बॅड' म्हणणारा माणूस बरगडी मोडून बसलेला असू शकतो. छातीत दुखत असताना 'शील बी राइट' म्हणतात, होईल ठीक, आणि कपडे घालून घरी निघतात. त्यांचे शब्द ऐका पण चेहरा बघा, नाडी बघा, घाम बघा.

मग ते आखूड शब्द, ते तुम्हाला आठवड्यात येतील. आफ्टरनूनचं आर्व्हो, अ‍ॅम्ब्युलन्सवाला अ‍ॅम्बो, पेट्रोलपंप सर्व्हो, ब्रेकफास्टचं ब्रेकी, कामातली सुट्टी स्मोको, मग तुम्ही सिगारेट ओढा नाहीतर न ओढा. काही लोकांना हे बाळबोध किंवा आळशी इंग्रजी वाटतं, मला ते अजिबात पटत नाही. आपण प्रकाशचा पक्या करतो तेव्हा आळस असतो का? तो जवळचा आहे म्हणून करतो. सहा फुटी सुतार स्वतःला चिपी म्हणवतो, आग विझवणारा फायरी असतो, त्यात छोटं गोंडस असं काही नाही, तू आणि मी बरोबरीचे एवढं त्यात असतं. आणि सेल्फी! हा शब्द सापडतो तो सगळ्यात आधी २००२ साली, एका ऑस्ट्रेलियन माणसानं ऑनलाइन लिहिलेला, शेवटी तोच 'ई' लावलेला. आज आपल्या आज्यासुद्धा म्हणतात.

क्रिकेटवाले हात वर करा. बरेच आहेत. तिथं स्कोअर उलटा सांगतात, विकेट आधी, थ्री फॉर वन ट्वेंटी, आणि एक्स्ट्राजना सन्ड्रीज म्हणतात. आणि पाठिंबा देतो या अर्थानं आपल्या टीमला आम्ही 'रूट' करतो असं चुकूनही म्हणू नका, तिथं त्या शब्दाचा अर्थ घाण आहे, 'बॅरक' म्हणा.

एक घरगुती सांगते. नवीन असताना शेजारणीनं सांगितलं, संडेला टीला या. आम्ही चहा म्हणून चार वाजता गेलो, घरनं भडंग करून नेला होता. टी म्हणजे तिथं बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण, सहा-साडेसहाला. ती बिचारी तेव्हा भाज्या चिरत होती, पण तिनं आम्हाला बसवून घेतलं आणि भडंग तिच्या मुलांनी वाडगाभर खाल्ला. आणि 'ब्रिंग अ प्लेट' म्हणाले तर रिकामी ताटली नेऊ नका, सगळ्यांना पुरेल असा एखादा पदार्थ करून न्यायचा असतो.

कुणाला विचारायचंय? हो, बोला.

त्यांच्यासारखं बोलायला लागायचं का, असं विचारतेय ही. मी पहिली दोन वर्षं एकही शब्द मुद्दाम वापरला नाही, फक्त ऐकले. पेशंटनं क्रूक म्हटलं की मी विचारायची, म्हणजे उलटी होतेय, दुखतंय, की चक्कर येतेय? ते सांगायचे. नोट्समध्ये कायम पेशंटचा शब्द अवतरणात लिहायचा आणि पुढं आपल्याला काय दिसलं ते. बोलण्यात शब्द आपोआप येतात, माझ्या तोंडात आर्व्हो कधी बसलं मला आठवतसुद्धा नाही.

तू, शेवटच्या रांगेतला. सायकलवर डबलसीटला काय म्हणतात? वा, छान विचारलंस. मेलबर्नला डिंक. सिडनीला डबल नाहीतर डब. पर्थला गेलास तर तिथल्या पोरांना विचार आणि मला कळव.