दार उघडं, प्रार्थना रोजचीच

नमस्कार, श्रोतेहो.

ऑफिसात दुपारी डबे उघडले, की बऱ्याच ख्रिस्ती मंडळींची चुळबुळ सुरू होते. शेजारी चार जण बसलेत. जेवणाआधी प्रार्थना करायची का? करायची. डोळे मिटून दहा सेकंद. बाकीच्यांना थांबवायचं नाही. त्यांनी पहिला घास घेतला असेल तर घेऊ दे.

घोळ होतो तो घरी. रोज अर्ध्या मिनिटात आटपणारी प्रार्थना, हिंदू मित्र जेवायला आला की तीन मिनिटांची होते. तिच्यात त्याचं नाव येतं, त्याच्या आईचा गुडघा येतो, देशाचे पुढारी येतात, आणि तोवर आमटी गार. मित्राला बरोबर कळतं की हे देवाला कमी आणि आपल्याला जास्त ऐकवणं चाललंय. तेव्हा लक्षात ठेवायचं ते इतकंच: पाहुणा असो-नसो, प्रार्थना रोजच्याएवढी. रोजच्याएवढीच.

यावरून पंडिता रमाबाईंच्या दाराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साल 1889. रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना शिकवायची शाळा, राहायची सोय तिथेच. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेला, म्हणजे त्या ख्रिस्ती झालेल्या, पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांचा, आणि मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्या. अट अशी की इथे ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही. रमाबाईंनी ती मान्य केली होती. मुलींना आपापलं सोवळं, उपास, पूजा पाळायची मोकळीक. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकरांसारखी माणसं.

आता गंमत बघा. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला घेऊन बसत. बायबल वाचत, प्रार्थना करत. वर्गात नाही, दिवाणखान्यात नाही; स्वतःच्या खोलीत. फक्त खोलीचं दार लावत नसत. रमाबाई समोर बसलेल्या, दार उघडं, तर मुली डोकावणारच. कुणी उंबऱ्याशी टेकल्या, कुणी आत येऊन बसल्या.

पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’नं झोड उठवली. बरं, टीका करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईनं जेवूखाऊ घातलं, पाटी हातात दिली, तिच्या खोलीत जाऊन बसणं हे त्या पोरींच्या दृष्टीनं कितपत ‘स्वखुशीनं’? प्रश्न रास्त होता, आजही आहे. ज्याच्यावर आपले उपकार आहेत त्याच्याशी धर्माचं बोलताना जीभ आखडतीच घ्यावी. पण रमाबाईंचंही म्हणणं साधं होतं: मी बोलावत नाही, आणि लपवणारही नाही. दार काही लागलं नाही. ऑगस्ट 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

आणि तरी ऐका. या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. जवळजवळ चार वर्षं ती त्या उघड्या दाराच्या घरात राहिली. हिंदूच राहिली. मार्च 1893 मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हो, आपले महर्षी कर्वे. त्यांच्या गावानं, मुरूडनं त्या जोडप्यावर बहिष्कार घातला. रमाबाई मात्र पाठीशी होत्या. या गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे, ज्या विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या.

पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या, आणि रमाबाईंनी नंतर काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन तर उघडउघड ख्रिस्ती होतं. तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहील.

कुणी म्हणेल, येशूनं तर सांगितलंय की खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान, सहावा अध्याय. बरोबर. पण बायबलातल्याच दानीएलाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात दानीएल खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकतो. राजाची प्रार्थनेवर बंदी आली म्हणून त्यानं खिडकी उघडली नाही आणि लावलीही नाही. तिथला महत्त्वाचा शब्द आहे ‘पूर्वीप्रमाणे’. पूर्वीप्रमाणे! दाखवायला दार उघडू नका, लपवायला लावू नका.

घड्याळ पुढे पळतंय, तेव्हा उरलेलं भराभर.

गणपतीचा प्रसाद. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो: वाढलेलं खा, चौकशी करू नका, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका. यावर मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, एकमत नाही, घराघरातही नाही. तुमचं काय ते ठरवा, पण गणपतीच्या दारात उभं राहून नको. आठ दिवस आधी, चहा पिताना सांगून टाका: “मी दर्शनाला येईन, आरतीला उभा राहीन, प्रसाद मात्र घेत नाही. काकूंना सांगून ठेव.” न सांगता मोदक रुमालात गुंडाळून नेणारी माणसं आहेत. तो रुमाल काकूंना दिसतो.

  

भांडण झालं तर मत्तय अठरामध्ये तीन पायऱ्या आहेत. आधी दोघांनीच, एकांतात. नाही जमलं तर एकदोघांना घेऊन. मग मंडळीसमोर. आपल्याकडे तिसरीवरूनच सुरुवात होते, आणि हल्ली तिच्याही आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

दवाखान्यात मित्राला भेटायला गेलात, तर “प्रार्थना करू का?” हे एकदाच विचारा. नको म्हणाला तर सफरचंद कापून द्या. हो म्हणाला तर मिनिटभर, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरही पेशंट असतो.

आणि नाताळ. काही वर्षी तो मार्गशीर्षात येतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेजारच्या वहिनींचा महालक्ष्मीचा उपास. त्या दिवशी मटणाचं आवतण धाडलंत, तर ताट तसंच परत येतं आणि दोन्ही घरं अवघडतात. करंज्या, शंकरपाळी आदल्या दिवशी द्या. केकमध्ये अंडं असेल तर डबा हातात देतानाच सांगा. आणि जेवायला शनिवारी बोलवा. पण शनिवारचं काही पाळत नाहीत ना, तेवढं आधी विचारून घ्या.

नमस्कार.