घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतोय? ब्रेस आणि व्यायाम, दोन्ही नीट समजून घ्या

नमस्कार. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते. दुखायचं थांबलं की बहुतेक जण व्यायाम सोडून देतात, आणि तिथेच घोळ होतो.

हे बघा, घोट्याचं बाहेरचं हाड. पाय मुरगळताना तळपाय आत वळतो, आणि या हाडाच्या पुढच्या टोकाला असलेलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, सगळ्यात आधी ताणलं जातं किंवा फाटतं. सूज उतरली तरी पाय किती तिरका पडतोय याची जाणीव मंदावलेलीच असते. पाय सावरणारे स्नायू नडगीच्या बाहेरच्या बाजूला असतात. तेही उशिरा आवळतात. उडी मारून दुसऱ्या खेळाडूच्या पायावर उतरलात तर या स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून मैदानात ब्रेस, म्हणजे घोट्याला बांधायचा आधार, आणि घरी तोलाचा व्यायाम.

ब्रेस म्हणजे नुसता ताणून चढवायचा मोजा नव्हे. त्याने दाब मिळतो, पण पाय वळायचा थांबत नाही. लेस आणि पट्टे असलेला घ्या, किंवा दोन्ही बाजूंना कडक आधार असलेला. आधी पातळ मोजा, एकही सुरकुती नको. खुर्चीत बसून टाच मागे टेकवा आणि पाऊल नडगीशी काटकोनात धरा. चवडा खाली ताणून बांधलात, तर उभं राहिल्यावर ब्रेस सैल पडतो. लेस खालून वर आवळत या. मग पट्टे: तळव्याखालून येऊन बाहेरच्या बाजूने वर जाणारा पट्टा जास्त घट्ट हवा, कारण पावलाची बाहेरची कड तोच उचलून धरतो. बोटं बधिर किंवा गार पडली तर लगेच सैल करा. मध्यंतरात पुन्हा आवळा. खेळापुरता ब्रेस वापरल्याने स्नायू कमजोर होतात, ही भीती मनातून काढून टाका. दुखापतीनंतर वर्षभर खेळताना तो घाला.

आता व्यायाम. एका पायावर 30 सेकंद उभे राहा, असं 3 वेळा. गुडघा किंचित वाकलेला. भार टाच, अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा या तिन्हींवर. अंगठा उचलला जात असेल तर भार बाहेर सरकतोय. हे सहज जमलं की डोळे मिटून करा, भिंतीजवळच. त्यानंतर उशीवर उभं राहून चेंडू झेला. घोटा थरथरतो तेव्हाच तो शिकत असतो, थरथर पाहून थांबू नका.

रबर बँड चवड्याला अडकवा, दुसरं टोक आतल्या बाजूला बांधा. पाऊल बाहेर ओढा आणि 3 सेकंदांत हळू परत आणा. 15 वेळा, 3 फेऱ्या. इथे बरेच जण पाऊल सोडून अख्खा पायच फिरवतात. गुडघ्यावर हात ठेवला की चूक लगेच कळते. आठवड्यातून 3 दिवस, किमान 8 आठवडे. टाचा उचलणंही सोबत करा, खाली येताना सावकाश.

मैदानात परतण्याआधी एका पायावर उड्या मारा: पुढे, बाजूला, तिरक्या. दोन्ही पायांत फरक जाणवला तर अजून थांबा.

आणि घोटा नुकताच मुरगळला असेल, चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर यातलं काहीही करू नका. आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढा.