हृदय कुठे झुकलंय आणि वीज कुठे चाललीय

हृदय कुठे आहे, असं विचारलं की हात आपोआप छातीच्या डाव्या बाजूला जातो. प्रत्यक्षात ते दोन फुप्फुसांच्या मधे असतं. साधारण दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे, आणि टोक डावीकडे, खाली, जरा पुढे वळलेलं.

आता ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावरचा आलेख, पाहा. हृदय कुठे आहे हे त्यात दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की प्रत्येक ठोक्याला खालच्या कप्प्यांत पसरणाऱ्या विजेचा एकूण रोख कुठे आहे. हाच विद्युत अक्ष. १९१३ मध्ये विलेम आइंटहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हात आणि डावा पाय यांचा त्रिकोण कल्पून तो मोजायची रीत दिली. डाव्या हाताकडे सरळ आडवी रेघ म्हणजे शून्य अंश, पायांकडे सरळ खाली म्हणजे ९०, आणि आडव्या रेघेच्या वर गेलं की उणे. प्रौढांमध्ये उणे ३० ते अधिक ९० पर्यंत सगळं नॉर्मल.

टोकाचा कल आणि अक्षाचा कल बऱ्याचदा जुळतो. उंच, सडपातळ माणसाचं हृदय उभट, अक्षही खाली झुकलेला. लठ्ठपणात किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत श्वासपटल वर सरकतं, हृदय आडवं होतं, अक्ष डावीकडे जातो. नुसता खोल श्वास घेतला तरी तो थोडा हलतो.

पण एवढ्यावर विसंबू नये. खालच्या डाव्या कप्प्याची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड, म्हणून एरवी वजन तिचंच पडतं. नवजात बाळात उजवा कप्पा जोरात असतो, म्हणून त्याचा अक्ष उजवीकडे. आणि डाव्या कप्प्यात वीज नेणाऱ्या तंतूंची पुढची फांदी बंद पडली, तर वीज वळसा घालून पोचते आणि अक्ष उणे ४५च्याही पलीकडे जातो. हृदय मात्र जागेवरून तसूभरही हललेलं नसतं! रिपोर्टवर ‘लेफ्ट अॅक्सिस’ वाचून हृदय सरकलं म्हणून घाबरणाऱ्यांनी हे ऐकावं.

उलट, हृदय जन्मतः उजवीकडे असलं, की पहिल्या लीडमधल्या, म्हणजे दोन हातांमधला विजेचा फरक दाखवणाऱ्या रेघेतल्या, लहरी उलट्या पडतात. हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तरी तसंच दिसतं. अशा वेळी छातीवरच्या लीड बघायच्या. वायरींची चूक असेल तर त्या नेहमीसारख्याच राहतात. हृदय खरंच उजवीकडे असेल तर डावीकडे जाता जाता लहरी खुजट होत जातात.